युरोप पंगतीला बसतो

समाजाची घसरण नियमांमुळं होते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. प्रश्न एवढाच, की कोणत्या नियमांमुळं. माझ्या अल्पशा अभ्यासानुसार (अभ्यास म्हणजे धारवाडच्या सुभाष रोडवर एका औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर रोज संध्याकाळी बसून केलेलं वर्तमानपत्रांचं सामुदायिक वाचन) जगात दोन प्रकारचे समाज आढळतात. पहिल्या प्रकारात नियम छापलेले असतात आणि ते कुणालाच ठाऊक नसतात. दुसऱ्या प्रकारात नियम कुणी छापलेले नसतात आणि ते सर्वांना पाठ असतात. पहिल्या प्रकारचे समाज कधी ना कधी घसरणीला लागतात. दुसऱ्यांना ती भीती नाही, कारण घसरण्यासाठी आधी थोडं वर चढावं लागतं.

युरोप हा पहिल्या प्रकारचा समाज आहे. १९९१ नंतर आपल्या देशानं आपले नियम सैल करायला घेतले, आणि त्याच सुमारास युरोपनं आपले आवळायला घेतले. आमच्या बाकाला याची फार काळजी लागून राहिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी टीका काहींनी केली. (धारवाडात त्या काळी नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई. बंब कुठंच नव्हता.) युरोपात काकडी उत्तम प्रतीची ठरायची तर तिचा वाक दहा सेंटिमीटर लांबीमागं दहा मिलिमीटरच्या आत असावा, असा नियम होता. केळ्याला 'अस्वाभाविक वक्रता' नसावी, असाही होता. आमच्यातल्या एका निवृत्त तहसीलदारांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चष्मा काढून पुसला. उभ्या नोकरीत काकडीकडं त्यांचं लक्षच गेलं नव्हतं, आणि ते त्यांना लागलं.

पुढं सन २००० मध्ये युरोपच्या पुढाऱ्यांनी लिस्बन गावी जमून ठराव केला, की दहा वर्षांत आपण जगातली सर्वांत स्पर्धाक्षम अर्थव्यवस्था होणार. असाच ठराव आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळानं १९९३ साली आराशीच्या बाबतीत केला होता. त्यामुळं त्याचं पुढं काय होतं, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

जनतेतही असंतोष होता. डेन्मार्कच्या लोकांनी १९९२ साली एका कराराला मतदानानं 'नको' म्हटलं. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा विचारण्यात आलं. आयर्लंडच्या लोकांनी २००१ साली दुसऱ्या एका कराराला 'नको' म्हटलं. त्यांनाही पुढच्या वर्षी पुन्हा विचारण्यात आलं. दुसऱ्या खेपेला दोघांनीही 'हो' म्हटलं.

"म्हणजे आग्रह करतात की री," तहसीलदार म्हणाले.

हे वाक्य त्या वेळी आम्ही सोडून दिलं. सोडायला नको होतं.

युरोपशी आमचा संबंध निव्वळ तात्त्विक नव्हता. माझी धाकटी बहीण जयलक्ष्मी हिचा मुलगा साकेत बेल्जियममध्ये नोकरीला होता. जयलक्ष्मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. यजमान लवकर गेले, तेव्हा साकेत आणि त्याची बहीण वेदश्री यांना तिनं एकटीनं वाढवलं. (मी मामा या नात्यानं सल्ला दिला. मी व्यवसायानं वकील आहे, फुकट सल्ला देणं मला जड जातं, पण दिला.) साकेत शिकायला म्हणून गेला आणि हेन्ड्रिक नावाच्या एका गृहस्थाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून राहिला. राहिला तो राहिलाच. दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा, येताना चॉकलेटं आणायचा, आणि आईनं डब्यात भरून दिलेली चटणीपूड घेऊन परत जायचा.

हेन्ड्रिक यांचा कारखाना बिजागऱ्यांचा. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या. पणजोबांपासून चालत आलेला धंदा. बिजागरी ही वस्तू अशी, की तिच्यात कुणाला काही खुपेल असं वाटत नाही. परंतु युरोपात खुपलं. बिजागरीनं किती आवाज करावा याचा नियम आला. बिजागरी बसवणाऱ्यानं किती उंच शिडीवर चढावं याचा आला. शिडी धरणाऱ्याला चक्कर येते का, याच्या तपासणीचा आला. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागरीबद्दल एक परिशिष्ट निघालं, त्याविरुद्ध हेन्ड्रिक यांनी इतकी वर्षं पत्रव्यवहार केला, की ते परिशिष्ट त्यांना तोंडपाठ झालं. तोवर त्यांची निम्मी गिऱ्हाइकं पूर्वेकडच्या स्वस्त बिजागऱ्यांकडं वळली होती. (त्या बिजागऱ्या करकरत. पण करकर स्वस्त होती.)

अखेर २००५ साली त्यांनी निर्णय घेतला. कारखाना उचलायचा आणि जिथं नियम नाहीत अशा ठिकाणी मांडायचा. साकेतनं त्यांना आमच्या गावाचं नाव सुचवलं.

इथं मी सरकारबद्दल दोन शब्द चांगले बोलणार आहे. वाचकांनी दचकू नये. हुबळी-धारवाड रस्त्यावर रायापूरला जागा पाहण्यात आली. परवाने मागण्यात आले आणि मिळाले. वीज मागण्यात आली आणि देतो म्हणाले. संबंधित अधिकाऱ्यांनी सांगितलं, की अमुक दिवशी दुपारी चार वाजता आम्ही स्वतः जागेवर येतो, तिथंच सह्या करू. आणि ते खरोखरच आले. सरकारी खात्यानं या प्रकरणात कुठंही अडथळा आणलेला नाही. जे काही केलं ते आम्ही स्वतः, कुणाचीही मदत न घेता केलं.

सह्या झाल्या तर साकेत कारखान्याचा मॅनेजर होऊन धारवाडात कायमचा येणार होता. जयलक्ष्मीनं वरच्या खोलीला रंग दिला, पंखा बदलला, आणि जुन्या पलंगाचा करकरणारा पाय सुताराकडून ठोकून घेतला. मी एकदा तिच्याकडं गेलो, तर ती त्या खोलीत नुसती उभी होती.

"काय करतेयस ग?"

"काही नाही अण्णा. पंख्याचं वारं कुठवर येतं बघत होते."

सह्यांच्या त्याच दिवशी वेदश्रीचं लग्न होतं. मुहूर्त सकाळचा, पंगत साडेबाराची, रायापूर चारचं. मध्ये भरपूर वेळ होता. कागदावर तरी होता. हेन्ड्रिक यांना लग्नाला बोलावणं ओघानं आलं, आणि त्यांची व्यवस्था माझ्याकडं आली, कारण आमच्या घराण्यातल्या सर्व कार्यांत पंगतप्रमुख मी असतो.

पंगतीची नियमावली आजवर कुणी छापलेली नाही. तरी बाहेरच्या वाचकांसाठी तिच्यातली ठळक कलमं देतो.

पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला असावा. (का, असं विचारणारा माणूस आमच्यात अजून जन्माला यायचा आहे.)

भातावर वरण आणि वरणावर तूप पडल्याखेरीज कुणी पानाला हात लावू नये.

पहिलं 'नको' हा विनय समजावा. दुसरं 'नको' हे चांगले संस्कार समजावेत. तिसरं 'नको' दोन्ही हात पानावर आडवे धरून आणि पुढं वाकून म्हटलेलं असल्यास त्याचा सहानुभूतीनं विचार करावा. मात्र विचार चालू असताना थोडंसं वाढण्याचा वाढप्याचा अधिकार अबाधित राहील.

रिकामं पान ही मागणी होय. भरल्या पानावरून उठणं हा यजमानाचा अपमान होय. या दोहोंच्या मधली पानाची कोणतीही अवस्था मान्य नाही.

पंगत एकत्र बसते आणि एकत्र उठते. शेजाऱ्याचं जेवण चालू असताना उठणं म्हणजे त्याच्या घासावरून उठणं. पंगतीत व्याह्यांकडचं वडील माणूस असेल तर ते उठल्यावरच बाकीच्यांनी उठावं.

शेवटचं. आग्रह परक्याला करावा, घरच्याला करू नये. घरच्या माणसानं हवं ते मागून घ्यावं. हे कलम सगळ्यांत जुनं आहे, आणि ते मोडलेलं मी पाहिलेलं नाही.

हेन्ड्रिक आदल्या दिवशी हुबळीला उतरले. त्यांना 'हेन्ड्रिकप्पा' म्हणायला लोकांनी रेल्वे स्टेशनपासूनच सुरुवात केली. उंच, लालबुंद, मनमोकळा माणूस. कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून त्यांनी हौसेनं धोतर घेतलं आणि ते कमरपट्ट्यानं आवळून नेसले. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मंगल कार्यालयात एका बाजूला टेबल-खुर्च्या होत्या. तिकडं त्यांनी पाहिलंही नाही. "सर्वांबरोबर," ते म्हणाले, आणि मांडी घालून बसले. मांडी घातली कसली, रचली. त्यांच्या डाव्या हाताला साकेत होता. समोरच्या रांगेत बरोबर त्यांच्यापुढं नवऱ्या मुलाचे आजोबा, गुरुराजआजोबा. वय नव्वदीला टेकलेलं, अंगानं काटकुळे, आणि दृष्टी अशी तीक्ष्ण की रांगेतल्या कुठल्या पानावर चटणी संपली ते इथून सांगतील.

कोशिंबीर वाढली गेली. हेन्ड्रिक यांनी ती बोटानं उचलून पाहिली आणि साकेतला काही विचारलं. साकेतनं ते आमच्या आचाऱ्यांना, बाळाचार्यांना विचारलं.

"साहेब विचारतायत, ही काकडी किती वाकडी होती?"

बाळाचार्य हातातलं भांडं घेऊन क्षणभर उभे राहिले. "काकडी कडू आहे का एवढंच बघतो आम्ही. वाकडी का सरळ ते विळीला विचारा म्हणावं."

हे भाषांतर होऊन पोचलं, तेव्हा हेन्ड्रिक यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्हा लोकांना कल्पना नाही," ते इंग्रजीत म्हणाले, "नियम नसणं म्हणजे काय सुख असतं." मला अभिमान वाटला. मी म्हटलं, आमच्याकडं कसलेच नियम नाहीत. आणि त्यांचं पान किंचित तिरकं झालं होतं, ते शेंडा डावीकडं येईल असं सरळ केलं.

मग श्लोक सुरू झाले. पंगतीत एकेकानं श्लोक म्हणायचा आणि बाकीच्यांनी गजर करायचा, ही आमच्याकडची रीत. फिरत फिरत पाळी हेन्ड्रिक यांच्यावर आली. त्यांना सोडून द्यावं असं मी सुचवलं, पण गुरुराजआजोबा म्हणाले, "पाहुण्याला वगळलं असं व्हायला नको. म्हणू द्या काय येतं ते." हेन्ड्रिक यांना आयुष्यात एकच मजकूर पाठ होता. त्यांनी डोळे मिटले आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या बिजागऱ्यांविषयीचं परिशिष्ट त्यांच्या भाषेत, कलमं आणि उपकलमांसकट, गंभीर आवाजात म्हटलं. पंगतीनं शिरस्त्याप्रमाणं 'सीताकांतस्मरण जयजय राम' असा गजर केला. आजोबांनी साकेतकडून विचारून घेतलं, की हे स्तोत्र कुणाचं. साकेत म्हणाला, ब्रुसेल्सचं. "उच्चार स्वच्छ आहेत," आजोबा म्हणाले.

इथवर सगळं यथासांग चाललं होतं. मग होळगी आली.

होळगी म्हणजे पुरणाची पोळी. हेन्ड्रिक यांनी पहिली आवडीनं खाल्ली. दुसरी कौतुकानं खाल्ली. तिसरीच्या वेळी त्यांनी 'नो' म्हटलं. ते बाळाचार्यांनी धरलं नाही. चौथीच्या वेळी ते साकेतनं शिकवून ठेवलेला कन्नड शब्द म्हणाले. "साकु." पुरे.

"साकंद्र ह्यांगरी?" बाळाचार्य कळवळून म्हणाले. पुरे म्हणून कसं चालेल? परक्या माणसानं आपल्या भाषेत नको म्हणावं, याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्या आनंदात दोन वाढल्या.

साकेतनं मग त्यांना कलम समजावून दिलं. हेन्ड्रिक यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि पुढं वाकले. अगदी नियमाबरहुकूम. बाळाचार्यांनी होळगी त्यांच्या हातांवर अधांतरी धरली आणि दुसऱ्या हातानं तुपाची वाटी तिरकी केली. गरम तूप हातावर घेण्यापेक्षा हात काढून घेतलेला बरा, हे कुठल्याही देशाच्या माणसाला कळतं. माझ्या आजवरच्या पाहणीत ही युक्ती शंभरातल्या शंभर जणांवर लागू पडलेली आहे.

त्याच आठवड्यात फ्रान्सच्या आणि पाठोपाठ हॉलंडच्या जनतेनं युरोपच्या नव्या घटनेला 'नको' म्हटलं होतं. हेन्ड्रिक होळगीकडं बघत साकेतला म्हणाले, की त्या लोकांचं काय होणार ते मला आता दिसतंय.

अडीच वाजून गेले. हेन्ड्रिक यांच्या पायांना मुंग्या येऊन त्या निघूनही गेल्या होत्या, म्हणजे पायच गेले होते. साकेत माझ्याकडं वळला.

"मामा, पंगत उठवा की. चारला पोचायचंय."

"आजोबा जेवतायत अजून."

खरंच जेवत होते. सावकाश, एकेक शीत वेचून. साराचा भात झाला होता, पुन्हा सार मागवलं होतं.

"निदान आम्ही दोघं उठतो."

"व्याह्यांच्या आजोबांसमोरून? वेदश्रीला उद्यापासून त्या घरात नांदायचंय. लोक म्हणतील, मुलीचा भाऊ आजोबांच्या घासावरून उठून गेला."

साकेतनं सरळ केलेला पाय पुन्हा मांडीत घेतला. त्याची बहीण ती त्याची बहीण होती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण सोयरिकीत भीड सोडून चालत नाही.

थोड्या वेळानं जयलक्ष्मी दाराशी आली. नवरीची आई, नवं लुगडं, कपाळावर घाम. व्याह्यांना 'आटपा' म्हणणं तिला शक्यच नव्हतं. तिनं मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"अण्णा, साडेतीन झाले. काहीतरी कर की."

"काय करू? वडील माणूस जेवतंय."

"तू पंगतप्रमुख ना?"

"म्हणूनच म्हणतो. नियम आहे बाई."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग आत बसलेल्या साकेतच्या पाठीकडं, आणि मुदपाकखान्याकडं निघून गेली. नंतर कळलं, की तिनं जाऊन बाळाचार्यांना विचारलं, अजून किती सार शिल्लक आहे. बाळाचार्यांनी अभिमानानं सांगितलं, की भरपूर.

चार वाजता रायापूरला अधिकारी आले. पाच वाजता गेले. माळावर एक टेबल, त्यावर पांढरं कापड आणि कापडावर फुलांचा गुच्छ होता, असं तिथं नेमलेल्या वॉचमननं सांगितलं. गुच्छ मग शेळ्यांनी खाल्ला.

पंगत उठली तेव्हा उन्हं कलली होती. तीही आपण होऊन उठली नाही. बाळाचार्य रिकामं भांडं घेऊन माझ्यापाशी आले आणि मान खाली घालून म्हणाले, "सार संपलं." आमच्या घराण्याच्या इतिहासात असं झालेलं नव्हतं. गुरुराजआजोबांनी ते ऐकलं मात्र, ताकाचा शेवटचा घोट घेतला, 'अन्नदाता सुखी भव' म्हटलं, आणि तरण्या माणसासारखे उठले.

हेन्ड्रिक यांना दोघांनी धरून उठवलं. हात धुतल्यावर ते काठीनं चालणाऱ्या माणसासारखे आजोबांपाशी गेले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. कुतूहल होतं. त्यांनी साकेतकरवी विचारलं, की आपण एवढा वेळ कसे जेवू शकता?

"मी?" आजोबा चकित झाले. "मला पहिल्या भातालाच पुरे झालं होतं. या वयात खाणार किती? पण तुमचं पान भरलेलं दिसत होतं. पाहुण्याच्या आधी हात धुवायला गेलो तर तुम्हाला संकोच वाटला असता. म्हणून आपला चिवडत बसलो."

हेन्ड्रिक म्हणाले, की माझं तर तिसऱ्या होळगीलाच झालं होतं, तुम्ही बसला होतात म्हणून मी खात होतो.

"आणि आम्ही," बाळाचार्य म्हणाले, "पानं रिकामी होत होती म्हणून वाढत होतो."

यावर सगळे मनापासून हसले. एकमेकांसाठी केवढा तो जीव टाकणं! आजोबांनी हेन्ड्रिक यांच्या पाठीवरून हात फिरवला. एकटे हेन्ड्रिक हसले नाहीत.

"हा नियम कुणी केला?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. कुणीच केला नव्हता.

"मग तो बदलायचा तर कुणाकडं जायचं?"

आम्ही पुन्हा पाहिलं.

तेव्हा तो बिजागऱ्यांचा कारखानदार कट्ट्यावर बसला आणि आपले पाय चोळत म्हणाला, "आमच्याकडं नियम करणाऱ्या माणसाला नाव असतं. कचेरी असते. त्याला पत्र लिहिता येतं, त्याच्यावर खटला घालता येतो, त्याच्या दारापुढं टोमॅटो ओतता येतात. फ्रान्सनं या आठवड्यात नको म्हटलं, तर कुणीतरी ते मोजलं. इथं दिवसभर मी नको म्हणतोय. एकानं तरी मोजलं का?" तो पुढं म्हणाला, "माझ्या कारखान्यात दोनशे माणसं एकमेकांना संकोच वाटू नये म्हणून बसून राहिली, तर मी कुणाविरुद्ध पत्रव्यवहार करू?"

मी वकील असूनही त्यांच्यापुढं विड्याचं तबक सरकवलं. अधिकाऱ्यांनी नंतर दुसरी तारीख द्यायची तयारी दाखवली, हे नमूद करायला हवं. हेन्ड्रिक यांनी आभार मानले आणि दोन दिवसांनी ते परत गेले. आपल्या छापील नियमांत बुडायला. (२००७ साली त्या नाकारलेल्या घटनेतला बराचसा मजकूर नव्या नावाच्या एका करारातून पुन्हा वाढण्यात आला. आयर्लंडनं त्यालाही नको म्हटलं, आणि त्याला पुन्हा विचारण्यात आलं. हे मी हेन्ड्रिक यांना पत्रानं कळवलं. उत्तर नाही.)

साकेतला त्यांच्या मागोमाग जाणं भाग होतं, असं नाही. त्याला हुबळीत काही ना काही मिळालं असतं. तो आठ दिवस राहिला. वरच्या नव्या रंगाच्या खोलीत झोपला, पंख्याचं वारं चांगलं येतं म्हणाला. मग एके संध्याकाळी बॅग घेऊन खाली आला.

जयलक्ष्मीनं विचारलं, "राहतोस का?"

"नको आई. जातो."

पहिलं 'नको'. मी तिथंच उभा होतो. साकेतनं बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली, बुटाची नाडी बांधली. मग ती सोडली आणि पुन्हा बांधली. मान वर करून आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. जयलक्ष्मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या दोन क्षणांत कुणी "अरे, राहा की" असं म्हटलं असतं तर कलमभंग झाला असता. तो घरचा होता. हवं ते त्यानं मागून घ्यायचं होतं. तो मागणार नाही हे मला दिसत होतं, आणि ती पुन्हा विचारणार नाही हेही दिसत होतं, कारण दोघंही अत्यंत चांगल्या वळणाची माणसं. मला फार वाईट वाटलं. रिक्षा आली, तो बसला, गेला. नियमाचं पालन कसोशीनं झालं.

हेन्ड्रिक यांनी जाताना जयलक्ष्मीला पितळी बिजागऱ्यांची एक जोडी भेट दिली होती. ती तिनं पुढच्या दाराला बसवून घेतली. उत्तम माल आहे. दाराचा तिळमात्र आवाज होत नाही, त्यामुळं कुणी आत आलं तरी कळत नाही. कुणी येतही नाही, तेव्हा तशी अडचण नाही. दर रविवारी साकेतचा फोन येतो. "जेवलास का?" ती विचारते. "जेवलो," तो म्हणतो. मग दोघंही, दुसऱ्यानं आधी फोन ठेवावा म्हणून, बराच वेळ धरून बसतात.

युरोपची घसरण चालू आहे. बाकावरचा आमचा अभ्यासही चालू आहे. वाचकहो, हेन्ड्रिकप्पाच्या पायांना तुम्ही पोटभर हसलात, आणि तुम्हाला हसण्याचा अधिकार आहे, कारण तुमच्या घरी असल्या गोष्टी होत नसणार. फक्त एक चौकशी करून ठेवतो. तुमच्याही घरातलं कुणीतरी असंच बॅग घेऊन गेलेलं असेल. त्याला तुम्ही 'राहा' असं किती वेळा म्हटलं होतं? उत्तर कळवण्याची तसदी घेऊ नका. परक्या माणसाला तुम्ही चौथी होळगी हात बाजूला सारून वाढली असेल. घरच्याला एकदाच म्हटलं असणार, आणि तेही त्यानं चपला घातल्यावर.